व्याहीबुवांनी मागितलेलं लायसन

नाशिक, दिंडोरी नाका
२ ऑक्टोबर १९८९

व्याहीबुवा गोटीरामदादा यांस,

मुलाचा बाप असून आधी मीच रामराम घालतो आहे, यावरून दिवस कसे फिरलेत ते ओळखा.

आम्ही दोघं नवराबायको काल सुखरूप पोचलो. लाल गाडीनेच पोचलो, कारण आमची जीप तुमच्या सटाण्याच्या अंगणात आणि तिची किल्ली तुमच्या कनवटीला. नातीच्या बारशाला गेलेला आजोबा स्वतःची गाडी जप्त करून घेऊन परत आला, असा प्रकार आमच्या तालुक्यात तरी यापूर्वी झालेला नाही. शेजारी विचारतात, "शेट, जीप कुठंय?" मी सांगतो, सर्व्हिसिंगला दिलीय. त्यातलं 'दिलीय' एवढं खोटं नाही, तेवढाच आधार.

पाळण्याभोवती गावभरच्या बाया, माझ्या हातात घुगऱ्यांची वाटी, आणि तुम्ही ओट्यावरून हाळी दिलीत, "खंडेरावशेट, लायसन कोठे शे?" मला वाटलं, व्याह्यांची थट्टा. मी खिशातून पेट्यांच्या कारखान्याचा परवाना काढून दिला. तुम्ही तो तुमच्या लेकीकडे, आमच्या सुनेकडे, लताकडे दिलात, तिने वाचला आणि पदर तोंडाला लावला. तुम्ही म्हणालात, "हे तर खोक्यांचं लायसन शे! मनी नात काय द्राक्षं शे का?" बाया अजून हसत असतील.

तुमचं म्हणणं मी समजू शकतो. तुमची अख्खी नोकरी एस.टी.च्या स्टिअरिंगवर गेली, छातीला विनाअपघाताचा बिल्ला लागला. मी डोक्यावर भाजीची पाटी घेऊन सुरुवात केलेला माणूस. पेट्यांचा धंदा वाढला, बागायतदार म्हणायचे "शेट, पेट्या पोचवा," मी पोचवायला लागलो. गाडी मी कानाने शिकलो. इंजिन काय म्हणतंय ते मला कळतं. कायदा काय म्हणतो ते कधी कानावर आलं नाही.

आता अडचण सांगतो. ती तुम्हाला माहीत आहे, पण कागदावर असलेली बरी. तुमच्या विहीणबाईने, म्हणजे आमच्या सिंधूने, नवस बोलून ठेवला आहे. लताचं बाळंतपण सुखाने झालं तर बाळाला घरच्या गाडीतून, आजोबाने स्वतः गाडी हाकत, आधी देवीच्या गडाच्या पायथ्याशी नांदुरीला न्यायचं आणि मगच घरात घ्यायचं. भाड्याचा ड्रायव्हर चालत नाही, तुमची लाल गाडी चालत नाही. मी म्हटलं, जरा सोपा नवस बोल. तर म्हणाली, "देवी काय तुमचं गिऱ्हाईक हाय, घासाघीस करायला?"

त्यात आमच्या मुलाचं, वाळूचं, पलटणीतून पत्र आलं आहे. नाताळच्या सुमारास रजा मिळते आहे आणि पोरीचं तोंड पहिल्यांदा आपल्या घरात पाहायचं, असं त्याच्या मनात आहे. म्हणजे त्याच्या आत माझी नात आणि सून इथे आल्या पाहिजेत.

तुम्ही म्हणालात, नवस मोडायचा नाही आणि कायदाही मोडायचा नाही. कबूल. लायसन काढतो. मुलाच्या बापाने मुलीच्या बापापुढे परीक्षा द्यायची, एवढंच बघायचं राहिलं होतं.

तुमचा,
खंडेराव


१४ ऑक्टोबर १९८९

दादा,

दसऱ्याचं सोनं टपालाने पाठवता येत नाही, म्हणून शब्दाने घ्या.

लायसनच्या कचेरीत जाऊन आलो. बाहेर झाडाखाली एक एजंट टेबल टाकून बसलेला असतो. त्याने मला लांबूनच हेरलं.

"या शेट. कच्चं की पक्कं?"

म्हटलं, "भाजी घ्यायला नाही आलो. लायसन."

"तेच. आधी कच्चं मिळतं. नवा कायदा आलाय जुलैपासून. आता कच्च्यालाही तोंडी परीक्षा. पाट्या ओळखायच्या, नियम सांगायचे. तुम्ही कशाला त्रास घेता? तुमच्या वयाला शोभत नाही. माझ्यावर सोडा."

त्याच्या बोलण्यात एक घरघर होती, पट्टा सैल झालेल्या इंजिनासारखी. मी विचारलं, "परीक्षेला तुम्ही बसणार माझ्या जागी?" तो म्हणाला, "तसं नाही, पण..." हे "पण" मला धंद्यात फार महागात पडलेलं आहे. मी सरळ आत गेलो. आतल्या साहेबांनी नियमांचं पातळ पुस्तक दिलं आणि म्हणाले, "पाठ करून या. मी सोडत नाही कुणाला." आवाज स्वच्छ होता. पटला मला माणूस.

तर आता अभ्यास. ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर आहेत इथे, पण ते माझ्या मुलाच्या वयाचे. त्यांच्यापुढे पाटी घेऊन बसायची मला लाज वाटते. तुमच्यापुढे बसायला लाज कसली? ती बारशातच गेली. म्हणून विनंती, तुम्हीच मला पत्राने शिकवा. आठवड्याला एक धडा पाठवा. परीक्षेला जाण्यापूर्वी तुमच्या पायावर डोकं ठेवीन म्हणतो. मुलाच्या बापाने हे करायचं नसतं, पण गुरूला चालतं.

लता, हे पत्र दादांना तूच वाचून दाखवत असणार. पुढचा मजकूर मनात वाच.

पोरी, दादांचं म्हणून आलेलं कार्ड तुझ्या अक्षरात आहे. "चष्म्याची काडी तुटली" असं तू वर लिहिलंस. बारशाला मी त्यांना पाहिलं आहे. परवाना त्यांनी तुझ्याकडे वाचायला दिला. पेढा घ्यायला हात पुढे केला तो निरांजनाच्या ताटात गेला. आणि रस्त्याने एस.टी. गेली तर मान न वळवता म्हणाले, "ही कळवण मुक्काम." माझे कान तिखट आहेत, म्हणून दुसऱ्याचे कान कामाला लागलेत हे मला लगेच कळतं. खरं काय आहे ते निराळ्या कार्डावर लिही. कारखान्याच्या पत्त्यावर टाक.

आता पुन्हा मोठ्याने.

दादा, जीपवर ताडपत्री घातली असेलच. बॅटरी उतरू देऊ नका.

तुमचा शिष्य,
खंडेराव


४ नोव्हेंबर १९८९

गुरुवर्य व्याहीबुवा,

दिवाळी झाली. नात पहिल्या दिवाळीला तिकडे, जीप तिकडे, आणि इथे आम्ही दोघं एकमेकांना करंज्या वाढतो आहोत.

तुमचे धडे पोचले. किती बारकाईने लिहिता, वा! घाटातला धडा मी सिंधूला वाचून दाखवला. चढणाऱ्या गाडीला मान द्यायचा, उतरणाऱ्याने कडेला थांबायचं. ती म्हणाली, "व्याही चढलेत, तुम्ही थांबा."

सिंधू माझी तालीम घेते. तिने पेट्यांच्या फळ्यांवर आमच्या शिक्क्याच्या रंगाने सगळ्या पाट्या काढल्या आहेत. गोलात असेल तो हुकूम, त्रिकोणात असेल तो इशारा. भाकरी थापता थापता एकेक फळी वर करते.

"हे काय?"

"पुढे शाळा आहे."

"मग काय करायचं?"

"लांबूनच जोरात हॉर्न मारायचा. पोरं पळतात."

"कुठं पळतात? घाबरलेलं पोर गाडीकडंच पळतं. हळू जायचं. यात लय शिकण्यासारखं काय हाय?"

पुस्तकात पाहिलं तर हळू जायचं असंच आहे. बाईने कधी स्टिअरिंगला हात लावलेला नाही.

एक घोटाळा झाला. त्यातल्या काही फळ्या कामगारांनी उचलून पेट्यांना ठोकल्या आणि पेट्या दिंडोरीला एका बागायतदाराकडे गेल्या. त्याचा फोन आला, "खंडेरावशेट, पेट्या छान आहेत. पण एकीवर लिहिलंय 'हॉर्न वाजवू नये', आणि एकीवर 'पुढे अरुंद पूल'. माल कलकत्त्याला जायचाय. तिथला व्यापारी काय समजेल?" मी सांगितलं, "समजेल की माल नाजूक आहे." त्याला ते इतकं आवडलं की तशाच आणखी पेट्या मागतो आहे.

हाताच्या खुणांचाही सराव चालू आहे. काल फाटकापाशी उभा राहून हात बाहेर काढला, तळवा खाली, वरखाली वरखाली, म्हणजे 'मी वेग कमी करतो आहे'. एक रिक्षा येऊन थांबली.

"बसा शेट. कुठं सोडू?"

"अरे, मी वेग कमी करतोय."

रिक्षावाल्याने माझ्या पायांकडे पाहिलं. "उभे तर आहात. अजून किती कमी करता?"

लता, इथून मनात.

तुझं कार्ड मिळालं. मोतीबिंदू. एका डोळ्याला पुरता पडदा, दुसऱ्याचा अर्ध्यावर. डॉक्टरकडे चला म्हटलं की म्हणतात, "ड्रायव्हरचे डोळे गेले हे डेपोत कळलं तर बिल्ला काय कपाळाला लावू?" आणि रोज सकाळी माझ्या जीपमध्ये जाऊन बसतात, इंजिन चालू करतात, हात स्टिअरिंगवर ठेवतात आणि बंद करून खाली उतरतात.

पोरी, एक विचारतो. तुझी आई गेल्यापासून ते एकटेच. आता घरात तू आहेस, बाळ आहे, बाळाचं रडणं आहे. तू निघून गेलीस की त्यांना वाचून कोण दाखवणार आणि पेढ्याचं ताट कोण पुढे करणार? लायसनचा कायदा त्यांनी काढला तो कायद्यासाठीच काढला, असं मला वाटेनासं झालं आहे. तुला काय वाटतं ते लिही. पण लायसन तर मी काढतोच. ते काढल्याशिवाय पुढची गाठ सुटायची नाही.

मोठ्याने.

दादा, परीक्षा पुढच्या आठवड्यात. आशीर्वाद असू द्या.

खंडेराव


१५ नोव्हेंबर १९८९

दादा,

परीक्षा झाली. साहेब माझ्या उत्तरांवर फार खूश झाले. इतके, की पुन्हा एकदा येऊन उत्तरं द्या म्हणाले. नवीन कायद्यात तशी पद्धत असावी.

नात आता हुंकार देते असं लताने लिहिलं आहे. आजोबांच्या कानांवर गेली असेल. कोणत्या आजोबांच्या, ते मोठी झाल्यावर ठरवू.

लता, मनात. आणि हसू नकोस, तुझा बाप समोर बसलाय.

नापास झालो. कसा झालो ते ऐक. दादांचे धडे मी असे घोकले होते की झोपेतून उठवलं तरी म्हणेन. साहेबांनी पहिला प्रश्न टाकला.

"गाडी जागेवरून हलवण्यापूर्वी काय कराल?"

मी म्हटलं, "वाहकाने दोन घंट्या देईपर्यंत थांबेन."

साहेबांनी चष्मा खाली केला. "तुमची गाडी कोणती?"

"जीप."

"जीपमध्ये वाहक कुठला?"

मागे फिरायची सोय नव्हती. म्हटलं, "मंडळी मागे बसते."

"बरं. गाडी मागे घ्यायची आहे. काय कराल?"

"वाहकाला खाली उतरवून शिट्टी वाजवायला सांगीन."

मागच्या बाकावर परीक्षेला आलेली कॉलेजची पोरं होती, त्यांच्यातून एक शिट्टी आलीच.

"शांत बसा रे. हां, गाडी रस्त्यात बंद पडली तर?"

मला तोपर्यंत कळलं होतं, आपण चुकीच्या गाडीत बसलोय. पण तोंड उताराला लागलं होतं. "प्रवाशांना मागून येणाऱ्या गाडीत बसवून देईन आणि डेपो मॅनेजरला कळवीन."

"कोणत्या डेपोच्या?"

"सटाणा."

साहेब खुर्चीतून उठले आणि खिडकीकडे तोंड करून जरा वेळ उभे राहिले. खांदे हलत होते. मग म्हणाले, "काका, तुम्हाला लायसन नाही, नेमणूक देता येईल. पण ती माझ्या हातात नाही. पुढल्या महिन्यात या."

यात दादांचा काडीचा दोष नाही. त्यांनी जे आयुष्यभर केलं तेच जीव लावून शिकवलं. त्यांना हे कळता कामा नये. इतक्या दिवसांत त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं, आता धडा सांगताना आवाज चढतो असं तूच लिहिलं आहेस. तो उतरायला नको.

मोठ्याने.

दादा, पुढचा धडा लवकर पाठवा.

खंडेराव


२९ नोव्हेंबर १९८९

व्याहीबुवा,

तुमचं दोन ओळींचं कार्ड मिळालं. "मास्तर बदला. आमचे धडे जुने झाले." एवढंच. नमस्कारही नाही. पलीकडे निवडणुकीचा गुलाल उधळला जात होता आणि मी कारखान्याच्या दारात ते कार्ड धरून उभा होतो.

म्हणजे लता हसली. मी तिला दोष देत नाही. नेमणुकीच्या वाक्याला देवसुद्धा हसला असता. तुम्ही विचारलंत आणि तिला खोटं बोलता येत नाही, हा तुमचाच संस्कार. तिने सगळं सांगितलं असेल.

आता माझं ऐका. मी मास्तर बदलणार नाही. पेट्यांच्या धंद्यात पहिल्या मोसमात माझी निम्मी खोकी वाटेतच फुटली. तेव्हा मी सुतार बदलला नाही, खिळा बदलला. धडे पक्के आहेत. त्यांतले एस.टी.चे कोणते आणि जीपचे कोणते, एवढं निवडायचं राहिलं होतं. ते निवडायचं काम शिष्याचं. मी ते केलं नाही, कारण गुरूने दिलेल्यातून खडे काढायचे तर गुरूचा अपमान होईल असं वाटलं. इतका वेडेपणा मी कुठल्या गिऱ्हाइकासाठी केलेला नाही. व्याह्यासाठी केला.

साहेबांचं पुस्तक सोबत पाठवतो आहे. लताकडून वाचून घ्या आणि तुमच्या पद्धतीने मला विचारा. कार्डावर नको, सवालांना जागा पुरत नाही. पाकिटात पाठवा. शिव्या घालायच्या असतील तर त्यांनाही जागा राहील.

सिंधू म्हणते, "व्याह्यांना म्हणावं, रुसायचा मान मुलाच्या आईचा असतो. लग्नात मी एवढीसुद्धा रुसले नाय. तो मान शिल्लक हाय, त्यांनी वापरला तरी चालंल."

लता, या खेपेला मनात वाचायचं एकच: नाशिकच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना भेटलो. ते म्हणतात, मोतीबिंदू थंडीतच काढलेला बरा. आणि काढल्यावर महिनाभर माणूस घरच्यांच्या नजरेखाली हवा.

खंडेराव


९ डिसेंबर १९८९

दादा, पास!

जीपच्या हॉर्नसारखं लांबवर ऐकू जाईल असं लताने हे वाचावं.

साहेबांनी मला पाहिल्याबरोबर हाक मारली, "या, सटाणा डेपो." आज मागे पोरं नव्हती, एक भटजी होते लुनाच्या लायसनला आलेले. पाट्या सगळ्या ओळखल्या. शाळेपाशी हळू, दवाखान्यापाशी हॉर्न नाही, रुग्णवाहिका आली तर डावीकडे घेऊन थांबायचं. मग साहेबांनी हातातली पेन्सिल टेबलावर ठेवली आणि विचारलं, "घाट आहे. तुम्ही उतरताय, समोरून ट्रक चढतोय. जागा एकाच गाडीची. कोण थांबेल?"

"मी."

"पुस्तकातलं नको. का, ते सांगा."

तुम्ही पाकिटात लिहिलं होतंत तेच सांगितलं. "साहेब, चढणारा एकदा थांबला की त्याला पुन्हा उचलायला फार जड जातं. उतरणाऱ्याचं काय, त्याने नुसता पाय काढला की निघाला."

"हे कुठल्या स्कूलमध्ये शिकवलं?"

"व्याह्यांनी."

साहेबांनी सही केली. भटजी म्हणाले, "मला पण यांच्या व्याह्यांचा पत्ता द्या."

तर कच्चं लायसन हातात आलं. आता त्याच्यावरचा नियम तुम्हाला तोंडपाठ असेल, तरी लता, मोठ्याने वाच: कच्चं लायसन असलेल्या इसमाने गाडी चालवताना शेजारी पक्कं लायसन असलेला इसम बसलेला पाहिजे. आमच्या नात्यात असा इसम एकच आहे. तो सटाण्यात राहतो आणि माझ्या जीपची किल्ली त्याच्या कनवटीला आहे. मी काही आमंत्रण देत नाही, दादा. मी कायदा पाठवतो आहे. तुम्ही कायदा मोडत नाही.

आणि पक्कं लायसन मिळायला मध्ये महिना जावा लागतो. तोपर्यंत मी तुम्हाला परत पोचवू शकत नाही, एकट्याने गाडी हाकली तर तुम्हीच जप्त कराल. म्हणजे महिनाभर तुम्हाला इथे माझ्या शेजारी बसायचं आहे. लेकीच्या घरचं पाणी बाप पीत नाही म्हणाल, तर ते मूल होईपर्यंत. मूल झालं. आता तुम्ही आमच्या घरी पाणी, चहा आणि सिंधूच्या हातचं मटण, सगळ्याला मोकळे आहात.

वाळू नाताळच्या आदल्या दिवशी येतो आहे.

लता, मनात: डॉक्टरांनी त्याच आठवड्यातला दिवस धरून ठेवला आहे. दादांना इथे आल्यावर सांगू. तोपर्यंत ओठ शिवून ठेव.

खंडेराव


१४ डिसेंबर १९८९

दादा,

तुमचं कार्ड आलं. या वेळी तुमच्या हातचं. ओळी घाट चढाव्यात तशा वर गेल्या आहेत आणि शेवटचे शब्द पत्त्याच्या जागेत उतरले आहेत. पोस्टमनने ते उन्हात धरून वाचलं आणि मग म्हणाला, "तुमचंच दिसतंय."

तुम्ही लिहिलंय: "लता वाचताना मधेच थांबते. पान उलटत नाही आणि बोलणंही थांबतं. गाडी रस्ता सोडून कुठे गेली ते मला दुसऱ्या पत्रापासून समजतं. मी बोललो नाही. तुमचं ते कौतुक ऐकायला बरं वाटत होतं, आणि न ऐकवलेलंही. लायसन माझं अजून चालू आहे. पण या डोळ्यांनी मी तुमच्या शेजारी बसलो तर तो खोटा इसम होईल. तो मी होणार नाही. पोरीला आणि नातीला घेऊन जा. किल्ली लताकडे दिली आहे."

दादा, मी स्वतःला फार तिखट कानाचा समजत होतो. मनात वाचलेलं ऐकणारा माणूस मला आजवर भेटला नव्हता. सिंधूला कार्ड वाचून दाखवलं. ती चुलीपुढे बसली होती. पदर डोळ्याला लावला आणि म्हणाली, "धूर झालाय." लाकडं वाळलेली होती.

म्हणून आज मनात वाचायचं काही नाही. लता, सगळं मोठ्याने वाच.

तुमचं म्हणणं खरं आहे. शेजारी खरा इसम हवा. आमच्या गल्लीत पुंजा म्हणून टेम्पोवाला आहे, त्याचं पक्कं लायसन मी पाहिलं, साहेबांनाही दाखवलं. रविवारी सकाळी तो आणि मी पहिल्या गाडीने सटाण्याला येतो. परतताना जीप मी हाकणार, तो शेजारी बसणार. तो नुसता शेजारी बसला तर नवसाला हरकत नाही, सिंधूला विचारलं. चुकलो तर पुंजा हँडब्रेक ओढेल, असा तो कबूल झाला आहे. चुकलो की नाही हे मात्र तुम्ही इंजिनाच्या आवाजावरून ठरवायचं, मागून.

होय, मागून. तुम्ही मागे बसायचंय. नांदुरीला उतरून गडाकडे हात जोडायचे, मग वणी, दिंडोरी, घर. डॉक्टर मंगळवारी बघणार आहेत. ते म्हणतात, आधी पडदा आलेला डोळा, मग दुसरा. नातीचं नाक कुणासारखं आहे यावर वाद आहे. सिंधू म्हणते आमच्यासारखं, लता म्हणते तुमच्यासारखं. तुम्ही स्वतः पाहून निकाल द्या. तोपर्यंत तो वाद मी तहकूब ठेवला आहे.

डेपोत कुणी विचारलं तर सांगायचं, नातीमागे गेलेत. त्यात खोटं काही नाही.

एवढी वर्षं तुम्ही फक्त पुढे बसलात. मागच्या बाकावर कसं बसतात ते तुम्हाला माहीत नसेल, आणि नियमाशिवाय तुम्ही बसायचे नाहीत. म्हणून आज कचेरीत जाऊन साहेबांना विचारून आलो. म्हटलं, साहेब, नातीला मांडीवर घेऊन मागे बसायला काय लागतं? लायसन, बिल्ला, डोळे?

साहेब म्हणाले, "काही लागत नाही. घट्ट धरा म्हणावं."

तुमचा,
खंडेराव